टॉवेल धरणारीचं पदक

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या साडेपाचच वाकतात, उरलेली पोचली असं समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या वेळी सांगितलं होतंस, पण मी ते सुलटं लक्षात ठेवलंय की उलटं हे आठवत नाही. त्यामुळे सध्या दोन्हीची काळजी करते आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? बाल्कनीतल्या कुंड्यांना शेजारीण पाणी घालते की नुसतं घालते म्हणते? आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे हातपाय जागेवर आहेत आणि नाकांची सालं निघाली आहेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधे बोलतेस, आणि या पत्रात एक जागा अशी आहे की तिथे तू मधे बोललीस तर पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही. पत्राच्या मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आपल्या शाळेत कुणी शिकवला नाही. तेव्हा चष्मा लाव आणि चहा आधीच पिऊन घे. ती जागा आली की मी सांगेन.

तर आम्ही आठ दिवस समुद्रावर जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, हे, आमचे दंतवैद्य चिरंजीव, सूनबाई आणि वकीलबाई. (वकीलबाई म्हणजे नात. नऊ वर्षांची आहे, पण तिच्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ यांतलं एकच उत्तर चालतं, म्हणून हे नाव पडलं.) सूनबाई कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावते हे तुला माहीत आहेच. तिनं पहिल्याच संध्याकाळी भाड्याच्या घरातल्या फ्रिजवर आठ दिवसांचा तक्ता चिकटवला. सहा ते सात चालणे, सर्वांनी. सात ते साडेआठ न्हाणीघर, आळीपाळीने, बाबा शेवटी. दोन ते तीन मोकळा वेळ, सक्तीचा. पोरगी मायाळू आहे, पण तिच्या हाताखाली सुट्टी घेतली की परत कामावर जावंसं वाटतं. म्हणूनच तो कारखाना इतका चांगला चालत असावा.

घर तसं बरं होतं. मिठाच्या डबीतून मीठ पडत नसे आणि बाकी सगळ्या वस्तूंवर मीठ असे. दारं फुगलेली, खिडकीची कडी सुतळीनं बांधलेली, आणि भिंतीवर मालकाची पाटी : ओल्या कपड्यांनी खुर्चीवर बसू नये. खुर्ची स्वतःच ओली होती. आम्हां दोघांना एकावर एक असा पलंग मिळाला. यांनी खिशातून टेप काढून तो मोजला आणि वरच्या माणसाला उठून बसायला साडेतीन इंच कमी आहेत असं जाहीर केलं. (वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन यांना आठ वर्षं झाली. सरकारनं यांना कळवलं, टेपला कळवायचं राहून गेलं.) मग वर कोण, यावर जरा वेळ गेला. शेवटी वर बॅगा झोपल्या, आणि आम्ही दोघं खालच्या पलंगावर एका कुशीवर, टोस्टच्या दोन तुकड्यांसारखी.

आता मुख्य गोष्ट. या सुट्टीचं खरं कारण समुद्र नव्हता. कारण वकीलबाई. मागच्या वर्षी तिला पोहण्याच्या वर्गात घातलं होतं. तिथल्या शिक्षकानं ‘भीती अशीच जाते’ म्हणून तिला मागून ढकललं. भीती गेली नाही, वकीलबाईच घरी निघून आल्या. तेव्हापासून पाणी म्हटलं की पोरीचा चेहरा पांढरा पडतो. डोक्यावरून अंघोळ घालायची तरी आईला वाटाघाटी कराव्या लागतात. दंतवैद्यानं समजावलं, सूनबाईनं तक्ते केले, काही उपयोग नाही. एक दिवस तिनं आपणहून अट घातली : आजी उतरली तर मी उतरेन. फक्त आजी. कारण आजी चँपियन आहे.

ताई, ती जागा आली. चष्मा नीट कर.

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, कपबश्यांच्या वरच्या कप्प्यात, निळ्या मखमलीच्या पाटीवर एक पदक आहे. त्यावर सूर मारणारी एक मुलगी आहे आणि गोलाकार अक्षरांत आपल्या शाळेचं नाव आहे. तू आमच्याकडे तीन वेळा आलीस आणि तिन्ही वेळा त्या कपाटात पदकाच्या जागी फुलदाणी होती, कारण तू येणार असं कळलं की मी ते पाटीसकट गाद्यांच्या पेटीत ठेवत असे आणि घरच्यांना सांगत असे की पॉलिशला दिलंय. हो. तेच पदक. तुझं.

पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी तुला परगावच्या स्पर्धेला जाऊ दिलं नाही. आपल्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या मदरनी घरी येऊन सांगून पाहिलं, खेळाच्या सिस्टरनी सांगून पाहिलं, पण बाबांचं एकच, चारचौघांत तो पोशाख नको. त्या दिवशी तू पदक कागदांच्या टोपलीत टाकलंस, आता पुन्हा पाण्यात उतरणार नाही म्हणालीस, आणि इतिहासाच्या धड्याला बसलीस. टोपली बाहेर नेणारी मी होते. मी ते काढून घेतलं. वाटलं, चार दिवसांत तुझा राग उतरेल, मग देईन. तू शब्दाची पक्की. चार दिवस गेले, चार वर्षं गेली, तू तलावाकडच्या रस्त्यानं जाणंसुद्धा सोडलंस. मग मी ते माझ्या पायमोज्यात गुंडाळून ठेवलं, आणि पायमोज्यासकट ते माझ्या लग्नाच्या ट्रंकेत आलं.

ट्रंक उघडली यांनी. लग्नाला चार दिवस झाले होते. मी आरशासमोर अंबाडा घालत होते आणि तोंडात सात आकडे होते. यांनी पायमोजा झटकला, पदक बाहेर पडलं. यांनी ते हातात घेतलं, जरा वेळ बघितलं, आणि विचारलं, “तुमचं?” (तेव्हा मला तुम्ही म्हणत.) आता सात आकडे तोंडात धरून टोपलीपासूनची हकीकत कशी सांगणार? मी मान हलवली. म्हणजे, आहे त्याला काही कारण, सांगते, अशी ती मान होती. पण दारात सासूबाई उभ्या होत्या. आकडे काढून होईपर्यंत ती मान वरच्या मजल्यावर पोचली होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळी इमारत मला बघायला येऊन गेली. सासूबाईंनी त्या दिवशी मला पहिल्यांदा ‘आमची सून’ म्हटलं. ताई, तू असतीस तर काय केलं असतंस? (तू खरं सांगितलं असतंस, मला माहीत आहे. तू मधे बोलू नकोस.)

तर असं अडतीस वर्षांपूर्वी सुरू झालं. मी एकदाही ‘मी पोहायचे’ असं म्हटलेलं नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेव. मी फक्त विषय बदलत असे. माझा कान फुटायचा म्हणून लहानपणी डॉक्टरांनी मला पाणी बंद केलं होतं, ते तुला आठवत असेल. तो कान चाळिशीत आपोआप बरा झाला. तेव्हा मी शिकूही शकले असते. पण तोवर मी चँपियन झाले होते, आणि चँपियनला नवशिक्यांच्या वर्गात नाव घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तक्त्यावर ‘नऊ ते अकरा : कयाक’ असं होतं. कयाक म्हणजे लांबुडकी, प्लॅस्टिकची, भेंडीच्या आकाराची होडी. तिच्यात माणूस बसत नाही, अडकतो. शिकवायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, जुन्या चामडी पेटीसारखा रंग, गळ्यात शिट्टी. शिट्टीनं भागेल तिथे शब्द वापरत नसत. त्यांना बघून मला आपल्या खेळाच्या सिस्टरच आठवल्या. झग्याची किनार तेवढी भिजवून, हातात लांब बांबू घेऊन, स्वतः पाण्यात न उतरता पन्नास मुलींना पोहायला शिकवायच्या. शिट्टीबाईंनी विचारलं, पोहता कुणाला येतं? चौघांनी माझ्याकडे बोट केलं. (यांचं बोट जरा उशिरा वर आलं. मला वाटलं, खांदा दुखत असेल.) त्यामुळे मला दोघांच्या होडीत मागे बसवण्यात आलं, कारण दिशा मागचा माणूस देतो, आणि पुढे वकीलबाई, लाइफ जॅकेट हनुवटीपर्यंत, दोन्ही हात होडीच्या काठाला चिकटलेले.

इकडे यांची चौकशी सुरू झाली होती. या होडीचं प्रमाणित वजन किती?

“दोन माणसं,” शिट्टीबाई म्हणाल्या.

“माणूस हे माप नाही, बाई.”

“मग बसून बघा, काका. बुडली तर जास्त होतं.”

हे बसले. दंतवैद्य मागे बसला. ती होडी त्यानंतर तासभर एकाच जागी गोल फिरली, कारण हे वल्ह्याचे फटके मोजून मारत होते आणि दंतवैद्य मोजत नव्हता. आमची होडी मात्र सरळ जात होती. ती कशामुळे जात होती हे मी सांगू शकणार नाही. मी वल्हं हलवत होते, त्याचा तिच्यावर काही परिणाम होत असेल असं वाटत नव्हतं. शिट्टीबाई ओरडल्या, “आजी, वल्हं उलटं धरलंय!” मी म्हटलं, “आमच्या वेळी असंच धरायचे.” त्यांनी मान डोलावली. वय झाल्याचा हा फायदा आहे. आपल्या वेळी काय होतं हे तपासायला कुणी जात नाही.

एवढ्यात एक मासा पाण्यातून उडाला आणि माझ्या मांडीवर येऊन बसला. वीतभर, चकचकीत, आणि अत्यंत दचकलेला. ताई, आपल्याला शाळेत शिकवलंय की कुणी पाहुणं आलं तर बसून राहायचं नाही. मी उठले. कयाकमध्ये उठायचं नसतं हे शिट्टीबाईंनी तीनदा सांगितलं होतं, पण संस्कार आधीचे. पुढच्या क्षणी आकाश खाली होतं आणि नाकात समुद्र होता. मी हाताला लागेल ते धरलं. मग पायाला वाळू लागली. पाणी छातीपर्यंत होतं. मासा घरी गेला होता.

इथेच सगळं संपायला हवं होतं. पण शिट्टीबाईंनी लांब शिट्टी मारली आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हे बघा! याला म्हणतात अनुभव! आजींनी नातीला आधी पलटायला शिकवलं.” आणि त्यांनी बाकीच्यांनाही एकेक करून पलटायला लावलं. (यांचा टेप खिशातच होता. आता तो चौदा इंचांपुढे उघडत नाही.) सूनबाईनं तक्त्यात ‘पलटणे’ अशी नवी ओळ घातली. सगळे खूष. वकीलबाई डोक्यापासून पायापर्यंत भिजून उभ्या होत्या, आणि रडल्या नाहीत, हे बघून त्यांच्या आईचेच डोळे भरले. साक्षीदार पिंजऱ्यात येताना बघतात, तशा वकीलबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या.

तक्त्यावर पुढच्या दिवशी स्नॉर्कलिंग होतं. म्हणजे डोळ्यांना काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचं बघायचं. जागा खडकांपाशी, दगडी पायऱ्या जिथे संपतात तिथे. मी शिट्टीबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथे पाणी किती? त्या म्हणाल्या, मस्त आहे, तीन माणसं. माणूस हे माप नाही, असं मलाही त्या क्षणी फार वाटलं.

दुपारच्या सक्तीच्या मोकळ्या वेळात मी न्हाणीघरात गेले, बेसिन भरलं, मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि तोंड पाण्यात घातलं. कडी लागत नव्हती, दार फुगलेलं होतं. वर आले तेव्हा दारात हे उभे होते, घड्याळाकडे बघत.

“बावीस सेकंद,” हे म्हणाले. “नळीतून श्वास घ्यायचा असतो. धरायचा नसतो.”

आणि चहा ठेवायला निघून गेले. काय करतेस, का करतेस, काही नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसाची जिज्ञासा कमी होते.

सकाळी सगळे पायऱ्यांवर. दंतवैद्यानं मला नळी कशी चावायची ते दाखवलं (“हलकेच, आई, कापसाचा बोळा धरल्यासारखी”). शिट्टीबाईंनी सगळ्यांना एकेक तरंगतं जाकीट घातलं आणि सांगितलं की हे अंगात असताना ठरवलं तरी बुडता येत नाही. हे मला नंतर कळलं. त्या सांगत होत्या तेव्हा माझ्या बांगड्या कुणाला द्यायच्या ते मी ठरवत होते. (पाटल्या तुला होत्या.) त्याच क्षणी वळून खरं सांगावं असं मनात आलं होतं. पण शेजारी ती एवढीशी उभी होती, मास्कमागे डोळे बशीएवढे. मी नाही म्हटलं असतं तर ती परत गेली असती, आणि मग कधीच आली नसती. ताई, एक मुलगी पाण्याकडे पाठ फिरवून गेलेली मी पाहिलेली आहे. मी वकीलबाईंचा हात धरला आणि पायरी सोडली.

आणि मग, ताई, आवाज बंद झाला.

पिवळ्या माशांचा एक वर्गच्या वर्ग समोरून गेला, अंगावर काळे पट्टे, अगदी आपल्या शाळेच्या टायसारखे, आणि तशाच शिस्तीनं डावीकडून. एका खडकापाशी मोठा मासा आ करून थांबला होता आणि एक इवलासा मासा त्याचे दात साफ करत होता. (दंतवैद्य तिथून हललाच नाही. अर्ध्या तासानं त्याला जाकिटाला धरून आणावं लागलं. म्हणतो, पेशंट असा हवा.) एका बिळात ऑक्टोपस दाराशी शिंपले रचत बसला होता. सूनबाईला तो फार आवडला, आठ हात आणि पाळी एकाचीच.

मी तुला इतकी वर्षं बाकावरून बघितलं. कानात कापूस, मांडीवर तुझा टॉवेल, आणि समोर पाण्यातून येणारी तुझी पाठ, मग टाचा, मग नुसतं हिरवं पाणी आणि हिरव्या फरश्या. सिस्टर सांगायच्या, टॉवेल खाली टेकू द्यायचा नाही, म्हणून मी तो दोन्ही हातांत उचलून धरायची, हात भरून आले तरी. तू इतका वेळ खाली काय करतेस, वर का येत नाहीस, याचा मला राग यायचा. तू खाली काय ऐकत असायचीस ते मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

एवढ्यात कासव आलं. चहाच्या टेबलाएवढं, संथ, आणि तोंड हुबेहूब मोठ्या मदरांसारखं : सगळं पाहिलेलं, त्यावर काही बोलायचं नाही. ते आमच्या खालून गेलं. आणि वकीलबाईंनी माझा हात सोडला. पाण्याला भिणारी ती पोर पाय मारत कासवामागे निघाली, मारतेय काय, चाललीय काय! मी मनात टाळ्या वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं की मी एकटी आहे आणि माझ्याखाली तीन माणसं पाणी आहे. मी वर तोंड काढलं, नळी सुटली, घोटभर समुद्र पोटात गेला. मी पाण्याला धरायला लागले. ताई, पाणी धरता येत नाही.

मग माझ्या अंगठ्याला कुणीतरी घट्ट धरलं.

“आजी, पाय मार.”

“मारतेय.”

“नाही मारत आहेस. तू नुसती मला धरते आहेस.” तिनं मला ओढत तरंगत्या लाल फुग्यापाशी नेलं आणि त्याची दोरी माझ्या हातात दिली. मग मास्क कपाळावर चढवला. मास्क असा चढवला की समजावं, उलटतपासणी सुरू झाली. “तुला पोहता येत नाही. हो की नाही?”

अडतीस वर्षं मी विषय बदलत आले. तिथे बदलायला दुसरा विषयच नव्हता, चहूकडे पाणी होतं. मी म्हटलं, “नाही.”

“मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“होडी पलटली तेव्हापासून. तू माझा अंगठा धरलास. भीती वाटली की मी तुझा धरते, तसा.”

मी विचारलं, मग आज तू उतरलीस कशी?

“तू एकटी कशी उतरली असतीस?” ती म्हणाली, आणि मला खुळ्यात काढावं तसं माझ्याकडे बघितलं.

पुढची सुनावणी पायऱ्यांवर झाली, दोघी एका टॉवेलात. पदक कुणाचं? ताईआजीचं. चोरलं? नाही, उचललं. परत का नाही दिलं? या प्रश्नाला हो किंवा नाहीमध्ये उत्तर देता येईना, तेव्हा मी सगळंच सांगितलं, टोपलीपासून आकड्यांपर्यंत. ती बराच वेळ नखातली वाळू काढत बसली. मग म्हणाली, “म्हणजे ताईआजी पन्नास वर्षं पाण्यात उतरल्याच नाहीत?” मी म्हटलं, नाही. “मग त्यांना कुणी धरायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. एवढंच. शिक्षा दुसऱ्या दिवशी सुनावणार होती; तोवर मला जामीन मिळाला.

पण यांना सांगायचं राहिलं होतं. हे त्या ओल्या खुर्चीवर बसून चौदा इंची टेपला तेल देत होते. मी समोर उभी राहून एका दमात सांगितलं. हे टेपकडेच बघत होते.

“माहीत आहे,” हे म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“पदकाच्या मागे ताईंचं नाव कोरलंय. खाली वर्ष. पितळ आहे, वर सोन्याचा मुलामा. मुलामा हलका आहे.”

ताई, मी खाली बसले. (जमिनीवर. खुर्ची एकच होती.) या माणसानं छत्तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन प्रत्येक वजन उलटं करून मागचा शिक्का बघितला. भाजीवालीचं अर्ध्या किलोचं मापसुद्धा उलटं केल्याशिवाय पुढे गेला नाही. तो पदक उलटं करून बघणार नाही, असं मी अडतीस वर्षं धरून चालले होते. मी म्हटलं, मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?

“तक्रार नव्हती. तक्रारीशिवाय आम्ही कारवाई करत नसू.” मग टेपवर तेलाचा आणखी एक थेंब सोडून म्हणाले, “आई त्या दिवशी किती खूष होती. आणि तुझ्या तोंडात आकडे होते.” मग टेप मिटत, “मी ते पाटीवर एवढं घट्ट का चिकटवलं असं वाटलं तुला? आमची आईही वस्तू उलटून बघणारी होती.”

यापुढे मी काय लिहू? आम्ही घरी आलो. दंतवैद्यानं आपल्या हत्यारानं, भूल न देता, पदक पाटीवरून सोडवलं. मागे तुझं नाव आहे. एका अक्षरात अजून डिंक अडकलाय, तो निघत नाही. माझ्यावर रागव. तुझा हक्क आहे, आणि तू पन्नास वर्षांचा एकदम रागावलीस तरी मी मधे बोलणार नाही. पदक तुझं आहे, ते मी याच पाकिटातून तुला परत पाठवते आहे. डोळ्यांची काळजी घे, जिन्याचा कठडा धर.

तुझी,
टॉवेल धरणारी

ता. क. पदक पाकिटात नाही. शोधू नकोस. वकीलबाईंनी शिक्षा सुनावली : मूळ मालकिणीनं स्वतः येऊन घेऊन जावं, आणि तेही पाण्यात. पोस्टानं चालणार नाही. मी बरीच विनवणी केली, असं इथे लिहायला मला सांगितलं आहे.

आणखी एक ता. क. मी इथल्या तलावावर ‘प्रौढ नवशिक्या’ या वर्गात नाव घातलंय, मंगळवार आणि गुरुवार सकाळी. वर्गात माझ्याशिवाय एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. वकीलबाई शेजारच्या वर्गात आहेत, मुलांच्या. अर्जात एक रकाना होता, ‘सोबत येणाऱ्या, पोहता येणाऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव’. तो रिकामा ठेवता येत नाही म्हणाले, म्हणून तुझं लिहिलं. या सगळ्या पत्रातलं एवढंच खरं काम होतं, बाकी प्रस्तावना. पहिला वर्ग पुढच्या मंगळवारी आहे. तुझ्या डॉक्टरांना मी फोन करून विचारलं. गुडघ्याला पाणी उत्तम, आणि हे ते तुला चार वर्षं सांगत आहेत, असंही कळलं. ते तू मला सांगितलं नव्हतंस. म्हणजे आपलं थोडंफार फिटलं.

शेवटचा ता. क. यांनी नवा टेप घेऊन तलाव मोजला. उथळ बाजू पाटीवर लिहिलीय त्यापेक्षा चार बोटं जास्त उथळ आहे. तक्रार केलेली नाही. पोशाख आण, आता बाबा नाहीत. टोपी आण. टॉवेल आणू नकोस, तो मी धरायचा असतो.